सिलियाकच्या घरात घरघंटी: पैसे वसूल होतात का?

नागपूरच्या इतवारीत किंवा सीताबर्डीवर घरघंटी बघायला गेलं की दुकानदार सुरुवात ‘ताजं पीठ, घरचं पीठ’पासून करतो. मग टायमर, निळे दिवे, खालची चाकं. ज्या घरात कोणाला सिलियाक, म्हणजे गहू न चालणारा आजार आहे, त्या घराला यातलं काहीच नको असतं. त्या घराला पाहिजे असते जिच्यात गव्हाचा दाणा कधी पडलेला नाही अशी गिरणी. एक हॉर्सपॉवरच्या घरगुती गिरणीचं हे परीक्षण त्या एकाच कसोटीवर केलं आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. या वर्गातल्या बहुतेक यंत्रांचं पोट सारखंच असतं, फरक असतो तो पत्र्याच्या जाडीत आणि सर्व्हिसला माणूस कधी येतो यात.

आधी हिशेब, कारण गिरणी घ्यायची की नाही हे त्यावरच ठरतं. सिलियाक म्हणजे गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. त्यावर गोळी नाही, आयुष्यभर ग्लुटेन बंद एवढाच उपाय. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. आता गव्हाच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण ९ ते १० ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे चहाच्या चमच्यात मावणाऱ्या तीन ग्रॅम कणकेत २७० ते ३०० मिलिग्रॅम. तेवढी कणीक दहा किलो ज्वारीच्या पिठात मिसळली की किलोमागे २७ ते ३० मिलिग्रॅम होतात, आणि अख्खा डबा मर्यादेबाहेर जातो. दहा किलोत एक चमचा!

मोहल्ल्यातल्या चक्कीवर चमच्याचा प्रश्नच येत नाही, तिथे मुठी असतात. दोन दगडांच्या मधे, वरच्या टोपाच्या कडेला आणि पीठ पडतं त्या कापडी नळीच्या घड्यांमध्ये आधीच्या माणसाचं दळण अडकून राहतं. ‘भाऊ, आधी दोन किलो तांदूळ टाका, मग माझी ज्वारी’ असं सांगितलं तर चांगला चक्कीवाला ऐकतो, आणि दगडातला बराच माल त्या तांदळाबरोबर निघूनही जातो. नळीतला निघत नाही. काही चक्क्यांवर ज्वारीची जोडी वेगळी असते. ती नसल्यापेक्षा बरी. पण शेजारच्या जोडीवर गहू सुरू असेल तर हवेत उडणारं पीठ तुमच्या उघड्या डब्यात बसतंच, आणि चक्कीवाल्याने हात झटकले तेही त्याच डब्यावर. दोष चक्कीवाल्याचा नाही. त्याचा धंदाच गव्हाचा आहे.

गिरणी घरी आली म्हणजे काम संपलं असं मात्र नाही, कारण ज्वारी स्वतःच गहू घेऊन येऊ शकते. एकाच मळणीयंत्रातून दोन्ही पिकं निघतात, बारदाना पुन्हा वापरला जातो, कळमन्याच्या धान्यबाजारापासून किराणा दुकानापर्यंत माप तेच आणि चाळणीही तीच. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात चारेक मिलिग्रॅम ग्लुटेन. किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे निघाले की २० मिलिग्रॅमची मर्यादा गाठली. त्यामुळे निवडणं आलंच. स्टीलच्या ताटात एका वेळी पाव किलो ज्वारी पातळ पसरा आणि खिडकीच्या उजेडात बघा. ज्वारी गोल आणि फिकट असते, गहू लांबट, पोटावर चीर असलेला आणि तांबूस, त्यामुळे डोळा लवकर बसतो. आधी सुपात पाखडून घेतलं तर धूळ आणि कोंडा जातो, पण गव्हाचा दाणा जड असल्यामुळे सुपातच राहतो. म्हणून पाखडलं की झालं, या भरवशावर राहू नका. किलोमागे दोन-तीन दाणे सापडले तर निवडून वापरा. दहा-बारा सापडले तर तो माल परत करा आणि पुढचं पोतं दुसऱ्या दुकानातून आणा. शक्य असेल तर ज्याच्या वावरात त्या हंगामात गहू नव्हता अशा शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी एकदम घ्यावी. विदर्भात अजून अशी ओळख निघते.

आता यंत्र. घरघंटीत दगड नसतो. वर धान्याचा हॉपर, खाली पोलादी पाती फिरणारी गोल खोली, तिच्याभोवती जाळीचं कडं, आणि खाली पीठ पडायचा डबा. पाती पंख्यासारखी हवाही फेकतात, ती बाहेर पडावी म्हणून डब्यावर कापडी फिल्टर असतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे साधारण पाऊण किलोवॅट. ज्वारी बारीक जाळीवर तासाला सहा-सात किलो निघते, म्हणजे एका माणसाचं महिन्याचं दळण जवळपास एका युनिटात होतं. पत्रकात लिहिलेले दहा-बारा किलो जाड जाळीचे असतात. किंमत साधारण पंधरा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान. वरच्या टोकाला जे पैसे जातात ते सनमायका, दिवे आणि चाकांचे. ज्याला जास्त पैसे द्यावेत अशा गोष्टी दोनच: दळायच्या खोलीचं दार पूर्ण उघडून आतली जाळी हाताने काढता आली पाहिजे, आणि जाळ्यांचा व फिल्टरचा जादा संच दुकानात मिळाला पाहिजे.

खरेदीच्या वेळी लोक फसतात ते डेमोत. दुकानात मांडलेल्या यंत्रावर दिवसभर गहू दळून दाखवला जातो, आणि शेवटचा नग म्हणून तोच हजार रुपये कमी करून दिला जातो. तो घेऊ नका. खोका सीलबंद हवा. घरी येणाऱ्या माणसाला फोनवरच सांगून ठेवा की डेमो घरच्या तांदळावर होईल, कारण त्याच्या पिशवीत गव्हाची पुडी असतेच. जुनी घरघंटी कोणी नातलग प्रेमाने देत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. जाळीच्या कड्याखाली, रबरी पट्टीच्या खाचेत आणि फिल्टरच्या कापडात वर्षांची कणीक घट्ट बसलेली असते, आणि आतून हे यंत्र पाण्याने धुता येत नाही.

नवीन यंत्रही कारखान्यात धान्य टाकून तपासलेलं असू शकतं. म्हणून पहिल्यांदा दार उघडून कोरड्या ब्रशने आतून झाडा, दोन किलो स्वस्त तांदूळ दळा, ते पीठ गाईला घाला, फिल्टर झटका, आणि पुन्हा एक किलो तांदूळ दळून तेही बाजूला काढा. त्यानंतरचं पहिलं दळण खायचं.

ज्वारीवर यंत्राचं काम चांगलं आहे, आणि चक्कीला ते खरं हरवतं इथे. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांत विरी (चिकटपणा) सोडायला लागतं, मग भाकर थापताना कडेने फाटते आणि तव्यावर टाकताना मधून तुटते. चक्कीवर एकदम दहा किलो दळून आणावं लागतं, घरी दीड-दोन किलोचं दळण दर आठवड्याला होतं. तरीही विरी कमी वाटली तर उकळत्या पाण्यात थोडं पीठ उकडून त्यात बाकीचं मळावं, हे विदर्भातल्या कोणत्याही घरात माहीत आहे. दळलेलं पीठ गरम निघतं. लगेच झाकण लावलं तर आत घाम धरतो आणि गाठी होतात. परातीत अर्धा तास पसरून ठेवा.

तांदूळ, चण्याची डाळ, मका, बाजरी हेही सरळ निघतं. चण्याच्या डाळीला आधी एक कडक ऊन द्यावं लागतं. धुतलेले तांदूळ सावलीत वाळवून ‘झाले असतील’ म्हणून टाकले की जाळी लिंपून जाते. तीळ, शेंगदाणे, सोयाबीन या यंत्रात टाकूच नये, तेल सुटून जाळीची भोकं बुजतात. हळद-तिखटाचा मोह टाळा. सिलियाकला त्याने काही होत नाही, पण पुढची आठ दिवसांची भाकर पिवळी येते.

बिघाड बहुतेक दोन प्रकारचे. डब्याच्या कडेने पीठ उडायला लागलं तर यंत्र गळतंय असं वाटतं आणि लोक मेकॅनिकला बोलावतात. खरं कारण फिल्टरचं कापड तुंबलेलं असतं. हवेला वाट नाही म्हणून ती कडेने निघते. दर तीन-चार दळणांनंतर कापड उलटं करून झटकलं की थांबतं. दुसरा प्रकार, मोटर घुमते पण पीठ पडत नाही आणि मग बंद पडते. एक तर दाणा सोडायची चकती जास्त उघडलेली असते, नाहीतर धान्य ओलसर असतं, नाहीतर आतमध्ये धान्य असतानाच यंत्र सुरू केलेलं असतं. बंद करा, प्लग काढा, दार उघडून खोली रिकामी करा, दहा मिनिटं थंड होऊ द्या, मागचं ओव्हरलोडचं बटण दाबा. सुरू करताना नेहमी आधी मोटर, मग दाणा. बंद करताना आधी दाणा, मग मोटर. प्लग १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटमध्येच. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना दुपारी दळायला बसू नका, कूलर-एसीच्या लोडने व्होल्टेजही तेव्हाच पडतं. सकाळी सातला दळा. आवाज मिक्सरसारखा आहे आणि तो वीस मिनिटं चालतो, फ्लॅटमध्ये खालच्यांना सांगून ठेवलेलं बरं. पावसाळ्यात ज्वारी ओल धरते, तेव्हा दळणाआधी लोखंडी कढईत मंद आचेवर पाच मिनिटं फिरवून पूर्ण थंड करायची.

सगळ्यात मोठा बिघाड मात्र माणसाकडून होतो. शेजारीण पायलीभर गहू घेऊन येते, किंवा घरातलंच कोणी म्हणतं, ‘एकदा गहू टाकले तर काय होतं?’ त्या एका दळणाने अठरा हजारांचं यंत्र या कामातून जातं. जाळ्या, फिल्टर आणि रबरी पट्टी बदलून, खोली उघडून ब्रशने साफ करून, पाच-सहा किलो तांदूळ काढला तरी मनात शंका राहतेच. हॉपरच्या झाकणावर जाड अक्षरात ‘गहू नाही’ लिहून चिकटवा. बाकीच्यांच्या पोळ्यांची कणीक बाहेरून दळलेली, वेगळ्या डब्यात, खालच्या फळीवर.

आता पैसे. ग्लुटेन-फ्री आट्याचं पाकीट साधारण दीडशे ते दोनशे रुपये किलो पडतं. निवडलेली ज्वारी, वीज धरून, घरी साठच्या आसपास. एक माणूस महिन्याला सात किलो पीठ खातो असं धरलं तर दीडशेच्या पाकिटापुढे महिन्याला ६३० रुपये वाचतात आणि अठरा हजारांची गिरणी साधारण अडीच वर्षांत फिटते. दोनशेच्या पाकिटापुढे दीड वर्षात. घरात दोन रुग्ण असतील (आई-वडील, भावंडं, मुलं या पहिल्या फळीच्या नातलगांची तपासणी करावी असं डॉक्टर सांगतातच) तर याच्या निम्म्या काळात. आधीपासून चक्कीवरूनच ज्वारी आणत असाल तर पैशाची बचत शून्य आहे. तिथे गिरणी घ्यायची ती तब्येतीसाठी.

पाकिटाचा एक गुण मात्र कबूल करायला पाहिजे. त्याची पोळी लाटता येते आणि डब्यात नेता येते. त्यामागे जादू नाही, इसबगोल किंवा झँथन गम असतो. घरी सात वाटे ज्वारी, तीन वाटे तांदूळ दळून किलोमागे २५-३० ग्रॅम इसबगोलाचा भुसा मिसळा, गरम पाण्यात मळून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटलं तर पोळी उचलता येते. शाळेच्या डब्याला चालते, पाहुण्यांपुढे मिरवण्यासारखी नाही. ब्रेड आणि बिस्किटं यांना घरघंटीकडे उत्तर नाही, आणि तेच पदार्थ साध्या मालाच्या कितीतरी पट महाग असतात.

गिरणीच्या बाहेरचं थोडक्यात. डबीतला खडा-हिंग सोडून जो पूड हिंग मिळतो त्यात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. लेबलवर तांदळाचं पीठ किंवा नुसता डिंक-स्टार्च लिहिलेला बघून घ्या. सातूचं पीठ इकडे गहू-चणे भाजून करतात, आणि पुस्तकातला सातू म्हणजे जव, दोन्हीकडून बंद. कुरडया गव्हाच्या. सांबारवडीच्या (कोथिंबिरीच्या वडीच्या) पारीत बेसनाबरोबर मैदा किंवा कणीक जाते. तर्री-पोहे खाता येतात, वरची शेव आणि तर्रीतला हिंग विचारून. आलुबोंडा बेसनाचाच असतो, पण समोसा-कचोरीच्या कढईत तळलेला. पाटोडी-रस्सा हा हॉटेलातला त्यातल्या त्यात बरा पर्याय, रश्शाला दाटपणा कशाचा आहे ते विचारून.

पैशाचा जो भाग गिरणीने सुटत नाही तो धोरणाचा आहे. या आजारात पेशंट भरती होत नाही म्हणून विमा नाही. औषध नाही म्हणून औषधाचं बिल नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना दवाखान्यातल्या उपचारांचं पॅकेज देते, किराण्याचं नाही. १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०डीडीबीखाली ४० हजारांपर्यंतची (ज्येष्ठांना एक लाख) वजावट ज्या आजारांना होती त्या यादीत कर्करोग, एड्स, मूत्रपिंड निकामी होणं, हिमोफिलिया, थॅलेसेमिया होते, सिलियाक नव्हता. असता तरी ‘उपचारा’च्या बिलात ज्वारी कुठे बसवणार? म्हणून ‘यादीत घ्या’ एवढी मागणी अपुरी आहे. कॅनडात फरकाची रक्कम मागता येते: ग्लुटेन-फ्री मालाची किंमत वजा तशाच साध्या मालाची, तेवढा वैद्यकीय खर्च. इटलीत २००५च्या १२३ क्रमांकाच्या कायद्याने रुग्णाला अशा मालासाठी वय आणि लिंग बघून दरमहा ठरावीक रक्कम मिळते. आपल्याकडे ‘जीएसटी माफ करा’ ही मागणी ऐकायला सोपी वाटते, पण पाकीटबंद पिठावर तो ५ टक्के आहे. दीडशेच्या पाकिटात सात रुपये. घरच्या साठ रुपयांशी फरक नव्वदचा आहे.

इथे ताबडतोब होण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. पहिली रेशनची. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य आहे, २०२३च्या जानेवारीपासून ते मोफत आहे, आणि कायद्याच्या अनुसूचीत तांदूळ-गव्हाबरोबर भरड धान्यही आहे. म्हणजे रुग्णाच्या वाट्याचा गहू बदलून तांदूळ किंवा ज्वारी द्यायला नवा कायदा लागत नाही, शासनाचा आदेश पुरतो. आज गरीब घरातला रुग्ण तो गहू घेतो, पडेल भावाने विकतो आणि बाजारभावाने ज्वारी आणतो. दुसरी गोष्ट गिरणीचीच. अनेक जिल्हा परिषदांनी महिला व बालकल्याण विभागातून ग्रामीण महिलांना अनुदानावर पिठाची गिरणी दिली आहे. हेतू रोजगाराचा, त्यामुळे तिच्यावर लोकांचा गहू येणारच. त्याच योजनेत सिलियाक रुग्णाच्या घरासाठी ‘फक्त घरगुती वापर’ असा छोटा गट काढता येतो. विदर्भाला हे नवीन नाही. सिकलसेल २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत येण्याआधी तोही ‘यादीत नसलेला’ आजार होता.

हिवाळी अधिवेशनाला सरकार नागपुरात येतं तेव्हा निवेदनांचा ढीग पडतो. त्यात आपलं वाचलं जावं असं वाटत असेल तर ते एका पानाचं, एका मागणीचं असावं. सोबत निदानाचे कागद: टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए या रक्ततपासण्यांचा रिपोर्ट, एंडोस्कोपीतल्या बायोप्सीचा निकाल, डॉक्टरांचं ‘आजीवन ग्लुटेनमुक्त आहार आवश्यक’ असं स्पष्ट लिहिलेलं प्रमाणपत्र. ज्यांनी तपासणीआधीच स्वतःहून गहू सोडला त्यांचा रिपोर्ट खोटा निर्दोष येऊ शकतो आणि मग कागदच बनत नाही, त्यामुळे बायोप्सी होईपर्यंत पोळी चालू ठेवा आणि घरघंटीही तोवर घेऊ नका. तीन महिन्यांची बिलं लावा, प्रत्येक ओळीपुढे साध्या मालाचा भाव लिहून. रेशनचा अर्ज अन्नधान्य वितरण कार्यालयात वेगळा द्या, रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर रुग्णाच्या नावाखाली रेघ मारून. पोच घेताना शिक्क्याबरोबर आवक क्रमांक आणि तारीख आहे का ते खिडकीतून हलायच्या आधी बघा.